मॅडमनी बयाना घेतला नाही

तुमच्या बाबाने तिकडे घर घेतलं, तेव्हा विकणाऱ्या बाईंनी त्याच्या हातात कागदांचा जाडजूड गठ्ठा ठेवला होता. छत कधी गळलं, तळघरात पाणी शिरतं का, मागच्या अंगणात खोली वाढवता येईल का, घरात राहून कुठला व्यवसाय चालवता येईल आणि कुठला नाही, हे सगळं विकणाऱ्यानेच लिहून दिलेलं. बाबाने फोनवर त्यातली काही पानं मला वाचून दाखवली. मी म्हटलं, "इतकं सांगितल्यावर घर घेतं कोण?" तो म्हणाला, "मी घेतलं ना."

तिकडे असं सांगणं बंधनकारक आहे म्हणे. आमच्याकडे दिल्ली-नोएडात कायदा काय म्हणतो ते वकिलांना विचारावं, पण रीत अशी की विकणारा चांगलं तेवढं दाखवतो आणि बाकीचं घेणाऱ्याने आपलं आपण शोधून काढायचं. निदान मी तरी आयुष्यभर तेच पाहिलं. म्हणून मॅडमची गोष्ट तुम्हाला नीट, पहिल्यापासून सांगायची आहे. मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी विचारलंत की आत्याचं सेंटर बाजारात, दुकानांच्या वर का आहे, बाग असलेल्या घरात का नाही. बागेचं घर जवळजवळ मिळालं होतं. ते का घेतलं नाही, ते सांगते.

आत्या काय करते हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो, किंवा शब्द डोक्यात असतो पण जिभेवर येत नाही, त्यांना ती बोलायला शिकवते. त्या वेळी ती मुनिरकात पहिल्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत हे काम करायची. नोएडाहून मेट्रोने थेट जाता यायचं आणि भाडं परवडायचं. मुनिरकात सगळीकडे विद्यार्थी राहतात, एकेका मजल्यावर कितीतरी खोल्या. तिच्या घरमालकाच्याही मनात तेच आलं. दोन मोठ्या खोल्यांच्या चार लहान करून विद्यार्थ्यांना दिल्या तर भाडं वाढणार होतं. त्याने उन्हाळा संपेपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलं.

भाड्याची दुसरी जागा मिळालीही असती. पण असं पूर्वीही झालं होतं आणि दर वेळी जागा बदलली की काही मुलं सुटायची. मानेसरच्या कारखान्यात काम करणारा एक बाप सुटीच्या दिवशी मुलाला घेऊन शेअर ऑटो आणि मग मेट्रो बदलत यायचा. मागच्या जागाबदलात तो यायचा बंद झाला. त्याचा मुलगा तेव्हा नुकता दोन शब्द जोडायला लागला होता. आत्या त्या मुलाबद्दल फारसं बोलत नाही, पण त्यानंतर तिने ठरवलं की आता जागा अशी हवी, जिथून आपल्याला कुणी उठवणार नाही.

मग आम्ही तिघांनी बसून बेत केला. आमचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा, आत्याची बचत त्यात घालायची आणि नोएडाच्या एखाद्या जुन्या सेक्टरमध्ये लहानसं स्वतंत्र घर घ्यायचं. वर आम्ही राहायचं, खाली सेंटर. कल्पना माझी, हिशेब आजोबांचा, घाई आत्याची.

प्रॉपर्टी डीलर घरं दाखवू लागला. हा गृहस्थ आजोबांना अंकलजी म्हणायचा आणि मला माताजी. मी आजोबांपेक्षा लहान आहे, हे त्याला सांगून पाहिलं. "बिल्कुल, माताजी," म्हणाला.

पाहिलेल्या घरांपैकी एकच आत्याच्या मनात भरलं. गल्लीच्या टोकाला, कोपऱ्यावर, पुढे हिरवळीचा तुकडा आणि एक जांभळाचं झाड. खालची बैठकीची खोली ऐसपैस, खिडक्या बागेकडे उघडणाऱ्या. आत्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने एक टाळी वाजवली. आवाज घुमतो का, हे ती तसं बघते. घुमला नाही. "आई, यार, हीच खोली," ती म्हणाली. आईला यार म्हणू नये हे मी तिला शाळेपासून सांगत आले आहे. त्या दिवशी नाही सांगितलं.

घराच्या मालकीणबाई तेव्हा बाहेर गेल्या होत्या. फाटकाशी आल्यावर डीलर हळूच म्हणाला, "बस एक बात, माताजी. सेंटर-वेंटर का ज़िक्र मैडम के सामने मत करना. बोलना, फैमिली के लिए चाहिए."

"क्यों?" मी विचारलं.

"मैडम ज़रा टेढ़ी हैं. मकान हाथ में आ जाए, फिर जो मर्ज़ी करो. सब करते हैं."

आजोबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी घराचे कागद मागवून वाचले होते आणि जागा फक्त निवासासाठी आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी त्यांना ते वाक्य दाखवलं. "ते सगळ्यांच्याच कागदात असतं," ते म्हणाले. "मोठ्या रस्त्यापलीकडे दातांचा डॉक्टर बसलाय की नाही? रस्त्याच्या अलीकडे बुटीक, त्याच्या शेजारी ट्यूशन. पाट्या बघ ना." इथे इतकी वर्षं राहून आम्हा सगळ्यांना ही सवय लागली आहे. काय चालतं आणि काय नाही, हे आम्ही कागदात न बघता रस्त्यावरच्या पाट्यांत बघतो. पाट्या पुष्कळ होत्या. मी कागद मिटून ठेवले.

पुढच्या खेपेला मॅडम भेटल्या. वय माझ्याच आसपास. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात काठी. मूळच्या गढवालच्या, मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेले होते, मूलबाळ नव्हतं. देहरादूनला धाकटी बहीण अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती आणि तिच्याकडे कायमचं राहायला जायचं म्हणून त्यांनी घर विकायला काढलं होतं. बहिणीच्या औषधपाण्याचा खर्च त्यातूनच व्हायचा असल्यामुळे घर विकलं गेल्याशिवाय त्यांना निघता येत नव्हतं. सेक्टरच्या रहिवासी संघाच्या त्या बरीच वर्षं सेक्रेटरी होत्या. सगळी गल्ली त्यांना मॅडम म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

आजोबांनी लगेच बयान्याचा विषय काढला. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आधी जी रक्कम देतात तिला इकडे बयाना म्हणतात. तो मिठाईच्या डब्यासोबत द्यायचा असतो, आणि एकदा घेतला की विकणारा शब्दाला बांधला जातो.

"आज नहीं," मॅडम म्हणाल्या. "पहले दोपहर में आइए. सुबह तो हर मकान अच्छा लगता है."

म्हणून आम्ही जूनमधल्या भर दुपारी गेलो. वीज गेली होती. मॅडमनी इन्व्हर्टर मुद्दाम बंद ठेवला होता. "थोडा वेळ असंच बसा," असं त्या हिंदीत म्हणाल्या, "म्हणजे वीज नसताना पश्चिमेची भिंत कशी तापते ते कळेल." आम्ही बसलो. कळलं. मग त्यांनी झोपायच्या खोलीत नेलं. तिथलं लाकडी कपाट कुणाला तरी बोलावून भिंतीपासून पुढे ओढून ठेवलं होतं, आणि मागे ओलीचा मोठा डाग होता. "रंग लगवाती हूँ, चला जाता है. बरसात में फिर आता है. मैंने सब करके देख लिया." वरच्या मजल्यावर नळाला धार नसते, हे त्यांनी नळ सोडून दाखवलं. जांभळं पडतात तेव्हा माकडं येतात आणि शेजारचे तुमच्यावर रागावतात, हेही सांगितलं.

डीलर दाराशी रुमालाने मान पुसत उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "मैडम, ऐसे तो बिक चुका मकान."

"तुम्हें बेचना है, इन्हें रहना है," मॅडम म्हणाल्या. "पानी पियो."

तो पाणी प्यायला. मला एवढंच म्हणाला, "माताजी, दो पार्टियाँ ऐसे ही भगा चुकी हैं."

आम्ही मात्र पळालो नाही. उलट माझा जीव त्या घरात गुंतत चालला होता, आणि त्याला अर्धं कारण मॅडम होत्या. मी आयुष्यात जे काही विकत घेतलं, भाज्यांपासून फ्लॅटपर्यंत, त्यात विकणाऱ्याने स्वतःहून कपाट पुढे ओढून डाग दाखवल्याचं मला आठवत नाही. आमचा फ्लॅट घेतला तेव्हा मालकाने गळकी मोरी झाकायला तिच्यावर नवी चटई टाकली होती. ती चटईही त्याने नंतर परत मागून नेली.

परतताना टॅक्सीत मी आजोबांना म्हटलं, "त्या आपल्याला इतकं सगळं सांगतायत. आपण त्यांना सेंटरचं सांगायला हवं."

"अच्छा? त्यांनी विचारलं का?" आजोबा म्हणाले.

"नाही."

"मग? आपण खोटं कुठे बोललो?"

आमच्या घराची ही जुनी पद्धत. खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचंही नाही. तुमचा बाबाही असाच आहे. आत्या खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "बाबा, मला ती खोली हवी आहे. पण मला ना, कसंतरी होतंय."

बयान्याचा दिवस ठरला. संध्याकाळची वेळ. आत्याच्या हातात मिठाईचा डबा, माझ्या पर्समध्ये पाकीट. मॅडम काठी घेऊन तयारच होत्या. म्हणाल्या, आधी गल्लीतून एक फेरी मारू. ज्यांच्या शेजारी राहायचं त्यांना बघा, त्यांनाही तुम्हाला बघू दे, मग बयाना. हा त्यांचा नेम होता आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. डीलरला वाटला नसावा. तो मागून चालत होता आणि घड्याळ बघत होता.

गल्लीतल्या लोकांना त्यांचा धाक होता. सैन्यातून निवृत्त झालेले एक उंचेपुरे गृहस्थ नळीने गाडी धूत होते. मॅडम काठी टेकून उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. त्या गृहस्थांनी नळ बंद केला. "बस हो ही गया था, मैडम."

"रोज़ बस हो ही जाता है," मॅडम म्हणाल्या आणि आमची ओळख करून दिली.

पुढच्या घराच्या ओट्यावर एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी आत्याला नीट न्याहाळलं आणि जे कुठलीही शेजारीण विचारेल तेच विचारलं. "आप क्या करती हो, बेटा?"

मागे डीलर खोकला.

"बच्चों को बोलना सिखाती हूँ," आत्या म्हणाली.

"अच्छा, स्कूल में?"

"नहीं आंटी, अपना सेंटर है. अभी मुनिरका में है."

"तो यहाँ से रोज़ मुनिरका जाओगी?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. नजरेने तिला थांबवणं मला जमलं असतं, आई असल्यामुळे ते येतं. मी तसं केलं नाही. ती मॅडमकडे वळून म्हणाली, "नहीं. सेंटर यहीं लाऊँगी. आपके नीचे वाले कमरे में. मुझे पहले बता देना चाहिए था."

मॅडमचा चेहरा जराही बदलला नाही. "चलिए, चाय पीते हैं," म्हणाल्या आणि काठी फिरवून परत निघाल्या. अजून तीन घरं राहिली होती.

घरात चहा आला आणि मग तोंडी परीक्षा सुरू झाली. दिवसाला किती मुलं येतात? सगळी गाडीने येतात का? आई-बाप तेवढा वेळ कुठे थांबतात? मदतीला कोण असतं? पाटी लावणार का? आत्या एकेक खरं उत्तर देत गेली, आणि प्रत्येक उत्तरागणिक घर हातातून जातंय हे मला दिसत होतं, तिलाही दिसत असावं.

"नहीं होगा," मॅडम शेवटी म्हणाल्या. "ये प्लॉट रहने के लिए है, बेटा. इसमें रहो, पढ़ो, बीमार पड़ो, शादी करो. सेंटर नहीं चला सकतीं."

आजोबांनी दातांच्या डॉक्टरचं, बुटीकचं आणि ट्यूशनचं उदाहरण दिलं.

"डॉक्टर बड़ी सड़क के उस पार है, भाईसाहब. उस पट्टी पर इजाज़त है. इस तरफ़ नहीं. बुटीक को नोटिस आ चुका है. और ट्यूशन वाली अपने ही घर के बच्चे पढ़ाती है, बोर्ड उसने शौक़ से लगाया है." मग त्या जरा थांबल्या. "हमारी गली में एक कोचिंग चलती थी. मैंने बंद करवाई."

का बंद करायला लावली, तेही त्यांनी सांगितलं. क्लास सुटायच्या वेळी पालकांच्या गाड्यांनी गल्ली भरून जायची. एके संध्याकाळी गाडी धुणाऱ्या त्याच शेजाऱ्यांना छातीत कळ आली, आणि रुग्णवाहिका गल्लीत शिरू शकली नाही. लोकांनी त्यांना खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. ते वाचले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तक्रार केली आणि क्लासला कुलूप लागेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.

"लेकिन मैडम," डीलर मध्ये पडला, "अब शिकायत कौन करेगा? आप तो देहरादून में होंगी."

"वहाँ से करूँगी," मॅडम म्हणाल्या.

आत्याच्याही तोंडावर हसू फुटलं, मग ते गेलं. ती म्हणाली की तिच्याकडे एका वेळी दोनच मुलं असतात, आणि ती अशी की त्यांच्या तोंडून आवाजच निघत नाही, ती कुणाला काय त्रास देणार? मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "काम बहुत अच्छा है, बेटा," त्या म्हणाल्या. "पर गली तो वही है."

आजोबांनी माझ्या पर्सकडे खूण केली. त्यांना वाटलं, पाकीट समोर आलं की बाईंचं मन वळेल. मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं, डब्याशेजारी. मॅडमनी पाकिटाला हात लावला नाही. डबा ओढून घेतला, स्वतः उघडला, आणि आमचीच बर्फी आम्हाला देऊ लागल्या. "मिठाई ले लेती हूँ. बयाना नहीं." राहायला घेणार असाल तर आनंदाने घ्या, असंही त्या म्हणाल्या, पण मग खालची खोली बैठकीचीच राहील, हे तुमच्या लेकीने आत्ता, माझ्यासमोर मान्य करायला हवं. आत्या उठून त्या खोलीत गेली आणि थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. देहरादूनहून, बहिणीला सांभाळणाऱ्या बाईचा. काम सोडून जायचं म्हणत होती, एवढं आम्हाला ऐकू आलं. "थोड़े दिन और रुक जाओ," मॅडम म्हणाल्या. "मकान का हो जाए, मैं आती हूँ." हे त्या म्हणाल्या तेव्हा पाकीट त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्यांनी फोन ठेवला आणि बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. "पिस्ते की है. अच्छी है."

मुलांनो, त्या काही बोलल्या नसत्या, तर काय झालं असतं? घर विकलं गेलं असतं. त्या बहिणीकडे पोचल्या असत्या. आम्ही फ्लॅट विकून टाकला असता, खोलीत गालिचे घातले असते, मुलं आणली असती, आणि मग एके दिवशी दारावर नोटीस लागली असती. आत्याला पुन्हा कुणीतरी उठवलं असतं, आणि या वेळी परतायला आमचा फ्लॅटही नसता. हे सगळं मॅडमना त्या ओट्यापासून घरापर्यंत चालत येतानाच दिसलं असावं. त्यासाठी त्यांनी काय सोडलं, ते फोनवर आम्ही ऐकलं होतं. डीलर नंतर त्यांना हट्टी म्हणाला. मला तसं वाटलं नाही. नियम त्यांनी पूर्वी दुसऱ्यांना लावला होता, त्याच मापाने त्या दिवशी स्वतःच्या सौद्याला लावला.

आत्या खिडकीपासून परत आली. डोळे लाल होते. पण तिने जो प्रश्न विचारला तो आजोबांना सुचला नव्हता आणि मलाही. "आंटी, वो कोचिंग वाले फिर गए कहाँ?"

मॅडमनी चष्मा काढला. "ये पूछने लायक बात है," म्हणाल्या. "कल सुबह आओ."

दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला सेक्टरच्या बाजारात घेऊन गेल्या. स्टेशनरीच्या दुकानावर पहिला मजला, तिथे तो क्लास चालत होता, पूर्वीपेक्षा मोठा. क्लास चालवणारे मास्तर मॅडमना पाहताच खुर्चीतून उठले. "आइए मैडम. अब यहाँ क्या बंद करवाना है?"

"सीढ़ी पर इतने जूते क्यों हैं? कोई गिरेगा."

"हटवाता हूँ," मास्तर म्हणाले, आणि खरंच हटवले. मग आम्हाला उद्देशून म्हणाले, "इन्होंने निकाला तो मैं यहाँ आया. कोचिंग यहाँ दुगुनी हो गई, पर थैंक्यू नहीं बोलूँगा."

त्यांच्या मागची, त्याच मजल्यावरची जागा रिकामी होती आणि मालकाला ती विकायची होती. मॅडमनी मालकाला बोलावून घेतलं आणि आमच्यासमोर एका खुर्चीत बसवलं. "यहाँ क्या-क्या कर सकते हैं, वो छोड़िए. क्या नहीं कर सकते, वो बताइए. सब." तो बिचारा आठवून आठवून सांगू लागला. स्वयंपाक करता येणार नाही. व्हरांड्यात बाकडी ठेवता येणार नाहीत. आठवड्यातून एक दिवस बाजार बंद, त्या दिवशी खालचं फाटक उघडत नाही. शिकवण्या आणि दवाखाने चालतात, त्याची परवानगी आहे. त्या परवानगीची खातरजमा मॅडमनी आजोबांना स्वतः कचेरीत जाऊन करायला लावली. "मेरे कहने पर मत लीजिए, भाईसाहब," म्हणाल्या. आजोबा गेले. इतके निमूटपणे ते माझ्या सांगण्यावरून कुठे गेल्याचं मला आठवत नाही.

आत्याने तिथेही टाळी वाजवली. खोली चांगलीच घुमली. खाली रसाचं यंत्र घरघरत होतं, किल्ल्या बनवणारा कानस घासत होता, आणि रिक्षांचे भोंगे सतत वाजत होते. "आई, इथे मुलं बोलणार कशी?" ती म्हणाली. ती जागा तिला आवडली नव्हती, हे तुम्ही लक्षात ठेवा. पण जागा तिच्या बचतीत आणि आमच्या ठेवीत बसत होती, फ्लॅट विकावा लागत नव्हता, आणि तिथून तिला उठवायला कुणी येणार नव्हतं. तिने ती घेतली. जाड पडदे लावले, भिंतींना कापूस भरलेली कापडं ठोकली. मुनिरकाची बहुतेक मुलं आली.

मॅडमचं घर पावसाळ्यानंतर विकलं गेलं. थकलेले आई-वडील सोबत असलेलं एक जोडपं होतं, त्यांना खरोखरच फक्त राहायचं होतं. तोवर देहरादूनला त्यांनी कसं निभावलं, ते मी विचारलं होतं. "निभ गया," एवढंच म्हणाल्या. जायच्या आधी एकदा सेंटर बघायला या, असं मी त्यांना फोनवर सांगितलं, आणि थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी त्या आल्या.

आत्या तेव्हा वर नव्हती, म्हणून आम्ही दोघी खालीच दुकानापाशी थांबलो. तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. खोलीत मूल तिच्यासमोर शब्द म्हणतं, कारण तिला तो शब्द आधीच माहीत असतो. दुकानदाराला तो माहीत नसतो, त्याला खरंच सांगावं लागतं. म्हणून ती मुलांना एकेक करून खाली न्यायची आणि हवी ती वस्तू मुलानेच मागायची. त्या दिवशी नव्याने आलेली एक सहा-सात वर्षांची मुलगी स्टेशनरीच्या काउंटरशी उभी होती, आत्या तिच्या मागे दोन पावलांवर. मुलीचे ओठ जुळत होते, सुटत होते, आवाज येत नव्हता. शाळेची वेळ होती, मागे गिऱ्हाइकं साचली होती. हेल्मेट घातलेला एक माणूस पुढे हात घालून म्हणाला, "भैया, मेरा पहले दे दो. दो फ़ोटोकॉपी."

मॅडमनी तळहात वर केला. "रुकिए. बच्ची बात कर रही है."

गिऱ्हाइकांना त्या कोण हे माहीत नव्हतं, तरी सगळे थांबले. हेल्मेटवाल्याने हात मागे घेतला. किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. रसाचं यंत्रही बंद झालं, ते मला वाटतं योगायोगाने. मुलीने एकदा मागे वळून आत्याकडे पाहिलं. आत्याने काही सुचवलं नाही.

"पें... पेन्सिल," मुलगी म्हणाली.

मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात दुकानदाराने, त्याच्या सवयीने, विचारलं, "कौन सी?"

सगळ्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मॅडमचा हात अजून वरच होता. मुलीने काचेखालच्या पेन्सिली नीट बघून घेतल्या, बराच वेळ, जणू तिला कुणाची घाई ठाऊकच नव्हती.

"लाल," ती म्हणाली.